जुनी पेट्रोल मोटार पीयूसीत नापास होणे : कारणे आणि निदान

पेट्रोल मोटारीच्या सायलेन्सरमधून बाहेर पडणाऱ्या वायूंचे आकडे वाचून इंजिनातला बिघाड शोधण्याची पद्धत. पीयूसी प्रमाणपत्र १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतील ११५ व्या नियमाखाली लागते. पेट्रोल गाडीत त्यासाठी मुख्यतः दोन वायू मोजतात. कार्बन मोनॉक्साइड, म्हणजे बोलीतला सीओ, टक्क्यांत. आणि न जळलेले हायड्रोकार्बन, म्हणजे एचसी, पीपीएममध्ये, दर दहा लाख भागांत किती भाग या मापाने. गाडी नापास झाली की बहुतेक गॅरेजांत पहिला हात हवा आणि पेट्रोल मिसळणाऱ्या कार्बुरेटरच्या मिक्स्चर स्क्रूकडे, म्हणजे त्या मिश्रणात पेट्रोल किती ते ठरवणाऱ्या स्क्रूकडे जातो. स्क्रू अर्धा फेरा आत घेतला की सीओ उतरतो आणि कागद मिळतो. बिघाड मात्र जागेवरच राहतो आणि पुष्कळदा एचसीच्या रूपाने पुन्हा डोके वर काढतो. तेव्हा स्क्रूला हात लावण्याआधी आकडे एकत्र वाचावेत, हाच या निदानाचा गाभा.

मर्यादा. गाडी कोणत्या भारत स्टेज (बीएस) प्रदूषण मानकाची आहे हे आधी पाहावे. बीएस २ च्या आधीच्या चारचाकीला आयडलिंगला, म्हणजे ॲक्सिलरेटर न दाबता इंजिन नुसते चालू असताना, सीओ ३ टक्के आणि एचसी १५०० पीपीएमपर्यंत चालतो. बीएस २ आणि बीएस ३ गाडीला ०.५ टक्के आणि ७५० पीपीएम. बीएस ४ ला ०.३ टक्के आणि २०० पीपीएम. बीएस ४ पासून इंजिन मिनिटाला २५०० फेऱ्यांच्या आसपास धरून दुसरी तपासणी होते. तिथे सीओ ०.२ टक्क्याच्या आत हवा आणि लॅम्डा, म्हणजे हवा-पेट्रोलाच्या आदर्श प्रमाणाशी तुलना करणारा आकडा, ०.९७ ते १.०३ मध्ये हवा.

पुण्यात या तक्त्याला एक स्थानिक पेच आहे. बीएस ३ पुण्यासह अकरा शहरांत एप्रिल २००५ मध्ये लागू झाले, देशभर २०१० मध्ये. बीएस ४ पुण्यात एप्रिल २०१० मध्ये आले, देशभर एप्रिल २०१७ मध्ये. त्यामुळे २०११ साली पुण्यात नोंदलेली गाडी बीएस ४ असते, तर त्याच वर्षी शेजारच्या जिल्ह्यात नोंदलेली, दिसायला हुबेहूब तशीच गाडी बीएस ३ असू शकते. दुसरी पुढे पुण्यात विकली गेली आणि केंद्रावर चुकून बीएस ४ म्हणून तपासली गेली, तर निरोगी गाडीही नापास ठरेल. म्हणून आरसीवरचे मानक आणि पावतीवरचे मानक जुळते का, ही निदानाची पहिली पायरी. तिला पान्हा लागत नाही.

थंड गाडी. दुसरी पायरीही फुकटच आहे. सदाशिव पेठेतून निघून डेक्कनच्या पंपावरल्या पीयूसी व्हॅनपर्यंत गेलेली गाडी तपासणीसाठी तयार नसते. थंड इंजिनाला जादा पेट्रोल देणारा चोक पुरता सुटलेला नसतो, तेल थंड असते, आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, म्हणजे सायलेन्सरच्या वाटेवर धूर स्वच्छ करणारी जाळी, असेल तर तो २५० ते ३०० अंश सेल्सिअसच्या खाली जवळपास कामच करत नाही. वीस मिनिटे चांगली चालवून, कात्रज किंवा चांदणी चौकापर्यंत एक फेरी मारून आणलेली तीच गाडी कित्येकदा एकही भाग न बदलता पास होते. रांगेत दहा मिनिटे आयडलिंगवर उभे राहिले तरी कन्व्हर्टर पुन्हा निवतो, म्हणून यंत्राची नळी, म्हणजे प्रोब, सायलेन्सरमध्ये घालण्याआधी दोन-तीन मिनिटे २५०० फेऱ्यांवर रेस देऊन धरावे. यात फसवणूक काही नाही. गरम इंजिन ही तपासणीची अटच आहे.

चार वायू एकत्र. पावतीवर दोन आकडे छापले जात असले तरी चार वायूंचे यंत्र कार्बन डायऑक्साइड आणि ऑक्सिजनही मोजते, आणि निदानाला ते दोनच अधिक उपयोगी पडतात. केंद्रचालकाला विनंती करून पडद्यावरचे चारही आकडे लिहून घ्यावेत, आयडलिंगला वेगळे आणि २५०० ला वेगळे. कार्बन डायऑक्साइड ज्वलन किती नीट झाले ते सांगतो. निरोगी इंजिनात तो १३ ते १५ टक्के भरतो. ऑक्सिजन उरला, तर हवा जळण्यावाचून निसटली. सीओ म्हणजे अर्धवट जळलेले पेट्रोल, एचसी म्हणजे मुळीच न जळलेले.

यातून तीन चेहरे ओळखू येतात. सीओ वर आणि ऑक्सिजन जवळपास शून्य, तर मिक्स्चर रिच, म्हणजे त्यात पेट्रोल जास्त. एचसी वर, ऑक्सिजनही वर, पण सीओ खाली, तर कुठलासा सिलिंडर पेटतच नाही, म्हणजे गाडी मिसिंग करते. ठिणगी पडत नसेल, नाहीतर मिक्स्चर इतके पातळ, म्हणजे पेट्रोल कमी असलेले, असेल की ठिणगी पडूनही ते पेट घेत नाही. ऑक्सिजन भरपूर आणि बाकीचे तिन्ही संशयास्पद रीतीने कमी, तर सायलेन्सर फुटका आहे किंवा प्रोब पुरेसा आत गेलेला नाही. तो किमान ३०० मि.मी. आत हवा. तिसऱ्या चेहऱ्याची गाडी कधी कधी पास होते, ते पास होणे खोटे असते.

रिच मिक्स्चर. कार्बुरेटरच्या गाड्यांत, म्हणजे प्रीमियर पद्मिनी, अॅम्बेसेडर आणि १९९० च्या दशकातल्या बहुतेक मारुती ८०० मध्ये, सर्वांत आधी एअर फिल्टर काढून पाहावा. पुण्याच्या रस्त्यांवरची धूळ आणि कायमची चाललेली बांधकामे यांमुळे तो पुस्तकात दिलेल्या मुदतीच्या आधीच बुजतो. नंतर चोक पूर्ण उघडतो का, फ्लोटची, म्हणजे कार्बुरेटरमधले पेट्रोल राखणाऱ्या तरंगत्या डबीची पातळी, तिथला नीडल व्हॉल्व्ह झिजला आहे का हे पाहावे. फ्लोटला बारीक चीर पडून आत पेट्रोल शिरले, तर तो जड होतो, पातळी चढते आणि मग स्क्रू कितीही फिरवला तरी सीओ उतरत नाही.

उंचीचाही थोडा वाटा असतो. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटरवर आहे आणि इथली हवा मुंबईपेक्षा सुमारे ६ टक्के विरळ. कार्बुरेटरला हे कळत नाही. मुंबईत ट्यून केलेली पद्मिनी घाट चढून आली की तिचे मिक्स्चर आपोआप सुमारे ३ टक्क्यांनी रिच होते, आणि काठावरची गाडी तेवढ्याने पलीकडे जाते. इथे मिक्स्चर स्क्रू फिरवणे हा योग्य उपाय आहे. स्क्रूचे खरे काम असल्या बारीक जुळवणीचेच.

पॉइंट, प्लग, कार्बुरेटर सगळे ठीक असूनही सीओ चढाच राहत असेल, तर ऑइल पाहावे. थोड्या अंतराच्या फेऱ्यांनी पेट्रोल तेलात उतरते, गरम झाल्यावर त्याची वाफ ब्रीदर नळीतून इनटेकमध्ये, म्हणजे इंजिनाच्या हवा ओढण्याच्या वाटेत, परत येते आणि मिक्स्चर रिच करते. ती नळी इनटेककडून काढून इनटेकचे तोंड तात्पुरते बंद केल्यावर सीओ एकदम खाली आला, तर कार्बुरेटर उघडण्याऐवजी ऑइल बदलावे.

इंजेक्शनच्या जुन्या गाड्यांत रिच होण्याचे एक कारण पुण्यात इतके वारंवार आढळते की त्यावर सविस्तर लिहिणे भाग आहे. उन्हाळ्यात गाडी गरम होऊ नये म्हणून थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारा व्हॉल्व्ह, काढून टाकण्याची रीत पडली आहे. मालकाला तापमानाचा काटा खाली दिसतो, बरे वाटते. पण कंट्रोल युनिट कूलंटचे तापमान पाहूनच पेट्रोल ठरवते. पाणी ५०-६० अंशांवरच राहिले, तर त्याच्या लेखी गाडी अजून सकाळची थंड आहे, आणि ते दिवसभर जादा पेट्रोल पाजत राहते. सीओ चढतो, मायलेज पडते, सिलिंडरच्या भिंतींवरचे तेल पेट्रोलाने धुतले जाऊन रिंगा झिजतात, प्लगवर काजळी धरते. मग एकामागून एक सेन्सर बदलले जातात, आणि मूळ कारण म्हणजे काही शेकड्यांत मिळणारा एक थर्मोस्टॅट असतो. गरम गाडीत काटा मध्यावर येत नसेल, तर बाकी काही उघडण्याआधी वरची रेडिएटर नळी हाताने चाचपावी. सुरू केल्यापासूनच ती हळूहळू कोमट होत गेली, तर थर्मोस्टॅट नाही किंवा उघडा अडकला आहे. शाबूत असेल तर नळी बराच वेळ थंड राहते आणि मग एकदम तापते. कूलंट सेन्सरच्या कनेक्टरला गंज चढला तरी लक्षणे हीच, कारण रोध वाढला की युनिटला तापमान कमी भासते. फ्युएल प्रेशर रेग्युलेटरचा पडदा फाटला असेल, तर त्याच्या व्हॅक्यूम नळीत पेट्रोलाचा ओलावा सापडतो. नळी काढून वास घेतला तरी पुरते.

मिसिंग आणि एचसी. एचसी नुसता वाढला की पहिला संशय ठिणगीवर घ्यावा. तीन सिलिंडरच्या मारुती ८०० मध्ये एक सिलिंडर मेला तरी एचसी हजारांत जातो. चालू इंजिनात एकेका प्लगची वायर काढून फेऱ्या पडतात का पाहावे; जी काढल्याने काहीच फरक पडत नाही तो सिलिंडर दोषी. कन्व्हर्टर असलेल्या गाडीत ही तपासणी काही सेकंदांत आवरावी, कारण कच्चे पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळते आणि आतली जाळी वितळते. पावसाळ्यात प्लगांना ठिणगी वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरच्या कॅपच्या आत दमट हवेचे थेंब धरतात आणि ठिणगी भलत्याच वाटेने जाते. जून ते सप्टेंबरात नापास झालेली गाडी असेल, तर कॅप उघडून, कोरडी पुसून, आतल्या बारीक काळ्या रेषा पाहाव्यात.

ठिणगी ठीक असेल, तर गाडी 'एअर घेते' का पाहावे. आयडलिंगला एचसी चढा आणि २५०० ला बराच उतरलेला, असा फरक दिसला तर फाटकी व्हॅक्यूम नळी किंवा इनटेक गॅस्केट जवळजवळ नक्की; कारण आयडलिंगला इंजिन फार थोडी हवा घेते आणि चोरवाटेची हवा त्यात मोठा हिस्सा ठरते. सांध्यांवर कार्ब क्लीनरचा फवारा मारताना जिथे फेऱ्या बदलतील तिथे गळती. गरम एक्झॉस्टपासून मात्र तो दूर ठेवावा. दोन्ही वेगांना एचसी सारखाच चढा असेल, तर दोष खोल आहे. टॅपेट घट्ट बसल्याने न मिटणारा व्हॉल्व्ह, जळालेला एक्झॉस्ट व्हॉल्व्ह किंवा झिजलेल्या रिंगा. कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, मोजावे, मग सिलिंडरमध्ये चमचाभर तेल सोडून पुन्हा मोजावे. वाढले तर रिंगा, न वाढले तर व्हॉल्व्ह. हेड गॅस्केटचा संशय असेल, तर गॅरेजमधल्या यंत्राचा प्रोब थंड इंजिनात उघडलेल्या रेडिएटरच्या तोंडावर, पाण्याला न टेकवता, धरून इंजिन चालू करावे. तिथे एचसी दिसला तर ज्वलनाचा वायू पाण्यात उतरतो आहे.

पेट्रोलात आता २० टक्के इथेनॉल असते. इथेनॉलमध्ये स्वतःचा ऑक्सिजन असल्याने कार्बुरेटरच्या गाडीचे मिक्स्चर त्याने पातळ होते. सीओ कमी येतो, पण आधीच स्क्रू आत घेऊन पातळ केलेली गाडी आता मिसिंगच्या हद्दीत जाते. जुन्या रबरी नळ्या आणि पडदेही त्याने लवकर खराब होतात.

ऑक्सिजन सेन्सरची दिशाभूल. एक्झॉस्टमध्ये बसवलेला झिर्कोनियाचा ऑक्सिजन सेन्सर गरम इंजिनात ०.१ ते ०.९ व्होल्टच्या दरम्यान सतत वर-खाली झोके घेतो. झोके मंदावले की तो म्हातारा झाला. पण तो ऑक्सिजन पाहतो, पेट्रोल नाही. एक सिलिंडर मिसिंग करत असेल, तर त्यातली न वापरलेली हवा एक्झॉस्टमध्ये येते. सेन्सर ती 'मिक्स्चर पातळ आहे' अशी वाचतो आणि युनिट सगळ्याच सिलिंडरांना जादा पेट्रोल देते. आता सीओ आणि एचसी दोन्ही चढे, आणि मेकॅनिक सेन्सर, इंजेक्टर, शेवटी कन्व्हर्टर बदलतो. दोष तडकलेल्या एका प्लगचा होता. सेन्सरच्या आधी एक्झॉस्ट मॅनिफोल्ड फुटला असेल तरी हेच घडते. स्कॅनर इथे फार मदतीला येत नाही: भारतात मोटारींना ओबीडी २, म्हणजे कोणत्याही स्कॅनरने बिघाड वाचता येण्याची सामायिक व्यवस्था, एप्रिल २०१३ पासून सक्तीचे झाले, त्याआधीच्या अनेक गाड्यांना त्या कंपनीचेच यंत्र लागते.

कन्व्हर्टर. प्लॅटिनम, पॅलेडियम आणि ऱ्होडियम हे धातू चढवलेली ही जाळी सहसा आपल्या मरणाने मरत नाही, तिला इंजिन मारते. जळणाऱ्या ऑइलमधला फॉस्फरस तिच्यावर थर धरतो, गॅस्केटला फासलेले चुकीचे सिलिकॉन तिला विषारी ठरते, मिसिंगचे कच्चे पेट्रोल तिला वितळवते. देशभर शिसेविरहित पेट्रोल २००० साली आल्याने शिशाचा धोका मात्र संपला. गरम गाडीत कन्व्हर्टरच्या पुढच्या आणि मागच्या टोकाचे तापमान मोजावे. काम करणाऱ्याचे मागचे टोक सहसा अधिक गरम असते. थोपटल्यावर आत खडखडाट झाला, तर जाळी फुटली आहे. नाना पेठेत स्वस्तात मिळणारा, जाळीचे नावच नसलेला रिकामा डबा बसवून आवाज बंद होतो, धूर नाही.

गाडी ऑइल खात असताना नवा कन्व्हर्टर बसवणे म्हणजे पैसे सायलेन्सरमधून सोडणे. क्रम असा असावा : ठिणगी, हवेची गळती, पेट्रोल, तापमान, सेन्सर आणि सर्वांत शेवटी कन्व्हर्टर. दर दुरुस्तीनंतर चारही वायू पुन्हा मोजून घ्यावेत आणि नापासाची पावती जपून ठेवावी. पुढल्या वेळी फेकून दिलेल्या पावतीवरचा आकडाच विचारला जातो.