ब्राउझरमधले फुकट खेळ: जुन्या तक्रारीची पार्श्वभूमी

ब्राउझरमध्ये उघडणारे मोफत खेळ पूर्वीसारखे राहिले नाहीत, ही तक्रार बेळगाव, खानापूर, निपाणी भागातल्या तिशी-पस्तिशीच्या खेळाडूंकडून हमखास ऐकू येते. जाहिराती फार, एकाच खेळाच्या दहा नकला, आणि जरा रंग चढतोय तोवर ‘ॲप घ्या’ म्हणून मागे लागणं. आजची शाळकरी पोरं हे मनावर घेत नाहीत, त्यांनी वेगळं काही पाहिलेलंच नाही. हे अंतर कुठून आलं ते समजायला 2005 ते 2021 हा काळ पाहायला हवा. त्याआधीचं थोडक्यात आटोपतं. ब्राउझरमध्ये हलती चित्रं आणि खेळ चालवणारं फ्लॅश हे सॉफ्टवेअर 1996 मध्ये आलं, जावा या प्रोग्रामिंगच्या भाषेवर चालणारे खेळही होते, 2001 चं रूनस्केप त्यातलं गाजलेलं. पण 56 केबीपीएसच्या डायल-अपवर, टेलिफोनच्या बिलाची धास्ती घेऊन खेळणार कोण?

जानेवारी 2005 मध्ये सरकारी टेलिफोन कंपनीचं ब्रॉडबँड सुरू झालं. तेव्हाच्या धोरणाप्रमाणे 256 केबीपीएस मिळालं की ते ब्रॉडबँड. फ्लॅशच्या खेळांना एवढा वेग पुरायचा, कारण त्यातली चित्रं ठिपक्याठिपक्यांनी साठवलेली नसत, रेषा आणि रंगांच्या गणितातून तिथल्या तिथे काढली जात. अख्खा खेळ काही शे केबीत किंवा एक-दोन एमबीत मावायचा. टिळकवाडी, खडेबाजार, कॉलेज रोडवरच्या सायबर कॅफेंना हे सोयीचं होतं. कॅफेवाला कॉम्प्युटरवर काही इन्स्टॉल करू देत नसे, ब्राउझर मात्र सगळ्यांना खुला. तासाचे पैसे एकाचे आणि खेळणारे दोघे: एकाचा हात बाणांवर, दुसऱ्याचा डावीकडच्या चार अक्षरांवर. मराठी शाळेतला असो की कन्नड शाळेतला, मेनू दोघांनाही इंग्रजीच. बाण आणि स्पेसबार कळला की पुरे. आपल्याकडे भाषेवरून न पेटलेल्या ज्या थोड्या जागा आहेत, त्यात या खेळांचा नंबर वर लागावा.

2011 मध्ये केंद्राने सायबर कॅफेंसाठी नियम केले. ओळखपत्र, वर्षभर जपायची नोंदवही, साडेचार फुटांहून उंच नसलेली आडोशाची फळी. ओळखपत्र नसलेल्या अल्पवयीन मुलाला मोठ्या माणसासोबतच यायचं होतं. नियमांचा रोख गुन्ह्यांवर होता, पण मोडता पडला तो शाळा सुटल्यावर येणाऱ्या गिऱ्हाइकाला. पुढे 2016 मध्ये डेटा स्वस्त झाला आणि उरलेसुरले कॅफे झेरॉक्स आणि ऑनलाइन अर्जांकडे वळले.

आता मूळ तक्रारीकडे. जुलै 2017 मध्ये फ्लॅशच्या मालक कंपनीने जाहीर केलं की 2020 संपताना फ्लॅश बंद होईल. 31 डिसेंबर 2020 ला पाठबळ थांबलं. 12 जानेवारी 2021 पासून तर कॉम्प्युटरवर आधीच बसवलेला फ्लॅशचा प्लेअरही आपणहून नकार देऊ लागला. ही तारीख प्लेअरमध्येच घालून ठेवलेली होती. कंपनीची बाजू खोटी नव्हती. फ्लॅशमध्ये सुरक्षेची भोकं सतत सापडत होती. आयफोनने 2007 पासून त्याला दारातही उभं केलं नव्हतं. एप्रिल 2010 मध्ये त्या फोन कंपनीच्या प्रमुखाने बॅटरी, सुरक्षितता आणि टचस्क्रीन ही कारणं देत जाहीर पत्रही लिहिलं. नोव्हेंबर 2011 मध्ये मोबाइलवरच्या फ्लॅशचं काम मालकानेच सोडलं. तोवर वेगळ्या प्लेअरशिवाय ब्राउझरमध्येच खेळ चालवणारं एचटीएमएल5 उभं राहत होतं, 2014 मध्ये ते अधिकृत मानकही झालं.

तरीही बंद करणं आणि कुलूप लावून किल्ली खिशात घालणं यात फरक आहे. 2017 मध्येच फ्लॅशचा सोर्सकोड, म्हणजे मूळ प्रोग्राम, खुला करा, असा अर्ज फिरला होता. कोड खुला झाला असता तर भोकं बुजवायला बाहेरचे हात मिळाले असते. तो झाला नाही. साडेतीन वर्षांची मुदत दिली होती, हे उत्तर कंपन्यांना लागू पडतं. ज्या पोराने कॉलेजात असताना एकट्याने खेळ बनवून नेटवर टाकला आणि पुढे नोकरीला लागला, तो जुना कोड काढून नव्याने लिहायला बसणार होता थोडाच! खेळणाऱ्याला तर कुणी विचारलंच नाही. पैसे दिले नव्हते, मग विचारायचं कशाला? दक्षिण आफ्रिकेच्या करखात्याने आपले फ्लॅशमधले फॉर्म चालावेत म्हणून जानेवारी 2021 मध्ये स्वतःचा ब्राउझर काढला. कराच्या फॉर्मला वाली मिळाला, खेळांसाठी धावले ते हौशी लोक. 2018 पासून स्वयंसेवकांनी जुने खेळ उतरवून जमा करायला घेतले. त्यातही अडचण अशी की बऱ्याच खेळांत साइट-लॉक असायचा, म्हणजे फाइल मूळ संकेतस्थळावर नसेल तर खेळ सुरूच होत नसे. पेनड्राइव्हवर खेळ घेऊन घरी गेलेल्यांना हा अनुभव आधीच होता. फेसबुकवरचं फार्मव्हिल, हा शेती करायचा खेळ, जो 2009 पासून लोक नांगरत होते, तेही 31 डिसेंबर 2020 लाच मिटलं.

नंतरच्या खेळांना नावं ठेवावीत असं सरसकट नाही. 2015 चं अगार.आयओ, 2016 चं स्लिदर.आयओ हे कुठल्याही ब्राउझरमध्ये चालणारे, अनोळखी माणसांबरोबर खेळायचे खेळ, आणि चांगले होते. पण कमाईची पद्धत बदलली. पूर्वी जाहिरात बहुतेकदा खेळाच्या आजूबाजूला असायची, आता ती मध्येच येते: मरलात तर व्हिडिओ पाहा, मग पुढचा जीव. खेळ मुद्दाम अशा जागी अडवला जातो की व्हिडिओ पाहावाच लागावा. जुन्या खेळाडूंची खरी चीड इथे आहे, आणि ती मला रास्त वाटते.

सीमाभागात यात आणखी एक गुंता झाला. ऑक्टोबर 2021 मध्ये कर्नाटकाने पोलीस कायद्यात दुरुस्ती करून पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घातली. मोफत खेळ त्यात नव्हते, पण पालकांच्या तोंडी ‘ऑनलाइन गेमवर बंदी’ एवढंच राहिलं. पैशांच्या ॲपनी फोनचं ठिकाण पाहून कर्नाटकातल्या गिऱ्हाइकांना थांबवायला सुरुवात केली. म्हणजे बाची ओलांडून शिनोळीत किंवा कोगनोळी मागे टाकून कागलला पोचलं, की तोच फोन बंदीतून मोकळा. 14 फेब्रुवारी 2022 ला उच्च न्यायालयाने दुरुस्तीतली मुख्य कलमं रद्द केली. पुढे ऑगस्ट 2025 मध्ये संसदेनेच देशभरासाठी कायदा केला: पैसे लावायचे खेळ बंद, करमणुकीचे मोकळे, मग त्यांना प्रवेश फी असली तरी.

जाहिरातींचा प्रश्न त्यात सुटलेला नाही. 2023 च्या माहिती संरक्षण कायद्यात अठराच्या आतल्या मुलांवर पाळत ठेवून जाहिराती दाखवायला मनाई आहे. पण खेळणारा अठराच्या आतला आहे हे खेळाला कळणार कसं, जिथे नावसुद्धा न विचारता खेळ सुरू होतो?

जुने खेळ काही प्रमाणात परतले आहेत. रफल नावाचा मुक्त इम्युलेटर फ्लॅशच्या फाइली प्लेअरशिवाय ब्राउझरमध्ये चालवतो. त्यावर ॲक्शनस्क्रिप्ट या फ्लॅशच्या प्रोग्रामिंग भाषेच्या आधीच्या आवृत्त्यांतले खेळ बरेचसे नीट चालतात, नंतरच्या तिसऱ्या आवृत्तीतले काही अजून अडखळतात. ते फोनवरही उघडतात, पण बरेचसे खेळायला बाण आणि स्पेसबार लागतात. त्यामुळे ज्याच्या घरी कीबोर्ड आहे त्यालाच त्याचा खरा उपयोग.