शिप आणि थिअरी: हवंसं वाटणं वेगळं, होणार असणं वेगळं

२००६ ची दिवाळी. मावशीच्या घरी चिवड्याची वाटी मांडीवर घेऊन माझी मावसबहीण ठासून सांगत होती, "हर्मायनीचं हॅरीशीच जमणार!" हॅरी, रॉन आणि हर्मायनी या तीन दोस्तांच्या गोष्टीचं, 'हॅरी पॉटर'चं सहावं पुस्तक येऊन सव्वा वर्ष झालं होतं आणि त्यात हॅरी रॉनच्या बहिणीच्या, जिनीच्या प्रेमात पडून मोकळा झाला होता. मी म्हटलं, "अगं, पुस्तक तर उलटंच सांगतंय." तर ती उसळून म्हणाली, "ताई, पण रॉन तिच्या लायकीचा आहे का, सांग ना!"

मी विचारत होते काय घडणार, ती सांगत होती काय घडायला हवं. दोघींची वाक्यं मात्र सारखीच दिसत होती: "हे दोघं एकत्र येणार." त्या काळातले निम्मे वाद असेच झाले. एकीकडे शिप, दुसरीकडे थिअरी, आणि आपण यातलं नेमकं काय बोलतोय हे कुणी आधी ठरवत नसे.

'शिप' हा शब्द आला 'रिलेशनशिप'मधून. १९९० च्या दशकात 'द एक्स-फाइल्स' या मालिकेतल्या मल्डर आणि स्कली यांचं जुळावं म्हणून देव पाण्यात घालून बसलेले प्रेक्षक स्वतःला 'रिलेशनशिपर' म्हणवत. पुढे त्याचं 'शिपर' झालं. शिप म्हणजे आपल्या मनाने जमवलेली जोडी. तिला पुरावा लागत नाही. दोघं एका खोलीत नीट बोलले एवढंही पुरतं, आणि पुस्तकात तेसुद्धा नसेल तर आपण फॅनफिक, म्हणजे त्याच पात्रांची आपली गोष्ट, लिहायला मोकळे.

थिअरी म्हणजे लेखिकेने पेरून ठेवलेल्या खुणा जोडून पुढचं ओळखणं. हे काम कोरडं वाटतं, पण त्यात काय थरार असतो ते एका उदाहरणावरून सांगते. सहाव्या पुस्तकाच्या शेवटी खोटं लॉकेट सापडतं. त्यातल्या चिठ्ठीखाली फक्त तीन अक्षरं असतात, आर. ए. बी. हा कोण? वाचकांनी पाचवं पुस्तक पुन्हा उघडलं. हॅरीचा गॉडफादर सिरियस ब्लॅक याच्या जुन्या घराची साफसफाई चाललेली असताना, कुणालाच न उघडता आलेलं एक जड लॉकेट कपाटातून निघतं. एका ओळीचा मामला. त्याच प्रकरणात सिरियसच्या मेलेल्या भावाचा, रेग्युलस ब्लॅकचा उल्लेख आहे. मग परभाषेतली भाषांतरं हातात आली. डच आवृत्तीत ब्लॅक घराण्याचं आडनाव 'झ्वार्ट्स' केलेलं होतं आणि तिथे चिठ्ठीखाली आर. ए. झेड. होतं. नॉर्वेजियनमध्ये आडनाव 'स्वार्त', तिथे आर. ए. एस. आडनाव बदललं की शेवटचं अक्षरही बदलत होतं. सातवं पुस्तक यायच्या कितीतरी आधी वाचकांनी रेग्युलसला पकडला होता. रेग्युलस हवाच म्हणून कुणी हट्ट धरला नव्हता. खुणा जिकडे गेल्या तिकडे माणसं गेली.

दोन्ही ओळखायची माझी कसोटी साधी आहे. समोरच्याला विचारायचं, "काय दाखवलं तर तू हे सोडशील?" थिअरीवाल्याकडे उत्तर असतं. डच आवृत्तीत शेवटचं अक्षर बी राहिलं असतं तर रेग्युलसची थिअरी ढासळली असती. शिपरकडे उत्तर नसतं, आणि त्यात काही वावगंही नाही. आपल्याला कोण आवडावं याचा पुरावा का द्यायचा?

आता हॅरी-हर्मायनी आणि रॉन-हर्मायनी. थिअरी म्हणून पाहिलं तर रॉनचं पारडं चौथ्या पुस्तकापासूनच जड होतं. यूल बॉलच्या, म्हणजे शाळेतल्या नाताळच्या नाचाच्या रात्री हर्मायनी रॉनवर ओरडते की पुढच्या वेळी दुसऱ्या कुणाच्या आधी मला विचार, कुणीच उरलं नाही म्हणून नको. सहाव्यात ती त्याच्यावर पिवळ्या पाखरांचा थवा सोडते आणि त्याला संघात जागा मिळावी म्हणून त्याच्या प्रतिस्पर्ध्यावर गुपचूप मंत्र टाकते. हॅरीच्या बाजूने दाखवायला काय होतं? चौथ्याच्या शेवटी गालावरचा एक मुका, आणि वर्षानुवर्षांची साथ. साथ खरी होती, पण ती मैत्रीचीही असू शकते.

शिप म्हणून मात्र हॅरी-हर्मायनीत काहीही चूक नव्हतं. रॉन रुसून निघून जातो तेव्हाही जी हॅरीच्या बाजूला उभी राहते, तीच हॅरीची जोडीदार व्हावी असं वाटणं अगदी माणसासारखं आहे. अडचण झाली ती या जोडीच्या चाहत्यांनी आपली इच्छा पुरावा म्हणून मांडल्यावर, आणि समोरच्यांनी त्यांची इच्छाच चूक ठरवल्यावर. १६ जुलै २००५ ला, सहावं पुस्तक आलं त्याच दिवशी, लेखिका जे. के. रोलिंगबाईंनी दोन चाहत्यांना मुलाखत दिली. रॉन-हर्मायनीसाठी आपण ऐरणीएवढ्या मोठ्या खुणा टाकल्या होत्या, असं त्या म्हणाल्या. मुलाखत घेणाऱ्यांपैकी एकाने हॅरी-हर्मायनीवाल्यांना भ्रमिष्ट म्हटलं. रोलिंगबाईंनी तो शब्द स्वीकारला नाही, ते माझे मोलाचे वाचक आहेत असं त्यांनी सांगितलं, पण जखम व्हायची ती झाली. माझी मावसबहीण तेव्हा चौदा वर्षांची होती. तिला भ्रम झालेला नव्हता, तिला एक जोडी आवडली होती. तो शब्द मला आजही सलतो.

पात्रांच्या मरणाबाबत हा गोंधळ आणखी दुखरा होतो, कारण तिथे इच्छेला थिअरीचे कपडे फार पटकन चढतात. २००३ च्या जूनमध्ये आलेल्या पाचव्या पुस्तकात सिरियस कमानीतल्या पडद्याआड पडतो. देह मिळत नाही. लांबून बोलता यावं म्हणून त्याने दिलेला जोडआरसा हॅरीकडे न वापरलेला राहतो. म्हणजे तो परत येणार, असं कितीतरी जणांनी मांडलं, आणि त्यात मीही होते. खुणा खऱ्या होत्या. पण पुस्तकाच्या शेवटी हॅरी स्वतःच हा प्रश्न घेऊन वाड्यातल्या भुताकडे जातो आणि भूत त्याला सांगतं की तो परत येणार नाही. दार तिथे लागलं होतं. ते वाचूनही मी पुढची दोन वर्षं त्या आरशावरच बोट ठेवून बसले. ती थिअरी उरलीच नव्हती.

शाळेच्या मुख्याध्यापकाचं, डम्बलडोरचं तेच झालं. सहाव्याच्या शेवटी शाळेतलाच शिक्षक स्नेप त्याला मनोऱ्यावर मारतो. तो मेला नाही, सगळं नाटक आहे, यावर पानंच्या पानं लिहिली गेली. ऑगस्ट २००६ मध्ये न्यूयॉर्कच्या रेडिओ सिटी म्युझिक हॉलमधल्या वाचनाच्या कार्यक्रमात, स्नेप चांगला की वाईट हे विचारायला प्रेक्षकांतून सलमान रश्दी उभे राहिले होते. त्याच कार्यक्रमात रोलिंगबाईंनी डम्बलडोर नक्की मेलाय असं स्पष्ट सांगून टाकलं.

आणि स्नेप! इथे मी जरा जास्त रेंगाळणार आहे, कारण इथे शिप आणि थिअरी एकाच ठिकाणी पोचल्या. स्नेप हॅरीच्या आईवर, लिलीवर प्रेम करत असावा, ही कल्पना बऱ्याच जणांना आधी नुसती आवडली होती. पण तिच्यासाठी पुस्तकात जागाही होती. पाचव्याच्या सुरुवातीला पेट्युनिया मावशीच्या तोंडून निसटतं की अझ्काबान या जादूगारांच्या तुरुंगाच्या पहारेकऱ्यांबद्दल 'त्या भयंकर पोराला' आपल्या बहिणीशी बोलताना तिने ऐकलं होतं. हॅरी ते आपल्या वडिलांवर घेतो, चिडतो, आणि आपणही त्याच्याबरोबर चिडून पुढे जातो. भयंकर पोरगा कोण, ते तिने सांगितलेलंच नसतं! सहाव्यात शाळेचा रखवालदार हॅग्रिड याच्या कानावर पडतं की स्नेपला काहीतरी करायचं नाही आणि डम्बलडोर ऐकत नाही. मग मनोऱ्यावर डम्बलडोर त्याला विनवतो. पळून जाताना स्नेप हॅरीला मारत नाही, उलट त्याच्या मंत्रांतल्या चुका सांगतो. हे सगळं जोडून, सातवं पुस्तक आलं त्या २१ जुलै २००७ च्या आधी स्नेप डम्बलडोरचाच माणूस आहे असं म्हणणारे वाचक बरोबर ठरले. पण स्नेप आवडतो म्हणूनही कितीतरी जण तेच म्हणत होते. उत्तर दोघांचं एकच, पण वाट वेगळी. स्नेप खरोखर दगाबाज निघाला असता तर पहिल्यांनी कपाळावर हात मारून सहावं पुस्तक पुन्हा चाळलं असतं. दुसऱ्यांना रडू आलं असतं.

मग २०१४ चा फेब्रुवारी आला. सिनेमांत हर्मायनी झालेली एमा वॉटसन पाहुणी संपादक असलेल्या 'वंडरलँड' मासिकाच्या अंकात रोलिंगबाईंची मुलाखत होती. रॉन-हर्मायनीची जोडी आपण एक प्रकारची इच्छापूर्ती म्हणून लिहिली, त्यामागच्या कारणांचा साहित्याशी फारसा संबंध नव्हता, कथा मुळात जशी सुचली तिला आपण धरून राहिलो, असं त्यात त्या म्हणाल्या. म्हणजे ऐरणीएवढ्या खुणा टाकणाऱ्या बाईंच्याही मनात एक शिप होती! हॅरी-हर्मायनीवाल्यांनी जल्लोष केला, आम्हीच बरोबर होतो म्हणून. थिअरी म्हणून ते तेव्हाही चुकलेच होते, कारण पुस्तक जिथे जाणार होतं तिथेच गेलं. पण रॉन-हर्मायनीचा शेवट कथेची गरज होती, या आमच्या खात्रीला मात्र तडा गेला.

मावसबहिणीने ती बातमी मला रात्री साडेअकराला पाठवली. मी लिहिलं, "काय घडणार ते तुझं चुकलं होतं. पण रॉन तिच्या लायकीचा आहे का, हे तू विचारलंस तेव्हा मी उत्तरच दिलं नाही."

दोन मिनिटांनी तिचं उत्तर आलं. "मग आता दे ना, ताई."

त्या रात्री आम्ही दीड वाजेपर्यंत बोलत होतो.