फॉर्म-रकान्यांची पडताळणी (जावास्क्रिप्ट)

फॉर्म-रकान्यांची पडताळणी : वेबपानावर भरलेला फॉर्म सर्व्हरकडे, म्हणजे संकेतस्थळ चालवणाऱ्या संगणकाकडे, रवाना होण्याआधी त्यातील रकाने ब्राउझरमध्येच तपासून घेण्याची पद्धत. तपासणीचे काम जावास्क्रिप्ट या ब्राउझरमध्ये चालणाऱ्या भाषेतील फंक्शन (ठरावीक काम करणारा, नाव दिलेला कोडचा तुकडा) करते आणि त्यासाठी रकाना त्या फंक्शनच्या हाती द्यावा लागतो. सेतू केंद्राच्या खिडकीवर अर्ज सरकवला की पलीकडचा माणूस आधी वरवर नजर फिरवतो. सही राहिली, तारीख चुकली, पिनकोड टाकला नाही, एवढे जागच्या जागी सांगतो. अर्ज आतल्या टेबलावर जातो तो त्यानंतर. ब्राउझरमधली पडताळणी म्हणजे ही खिडकीवरची नजर.

जावास्क्रिप्ट ही भाषा ब्रेंडन आइक यांनी नेटस्केप कंपनीत १९९५ साली दहा दिवसांत उभी केली. टेलिफोनच्या तारेवर मोडेम लावून चालणारे तेव्हाचे इंटरनेट फार संथ होते. एक रकाना रिकामा राहिला म्हणून अख्खा फॉर्म सर्व्हरपर्यंत जाऊन परत येणे परवडत नसे. त्यामुळे फॉर्म जागेवरच तपासणे हा या भाषेचा अगदी पहिल्यापासूनचा उपयोग ठरला.

उदाहरणादाखल सोलापुरी चादरी आणि टॉवेल विकणाऱ्या दुकानाचा मागणी-फॉर्म घेऊ. त्यात नाव, फोन, पिनकोड, चादरींचे नग आणि टॉवेलचे नग असे रकाने आहेत. रकाना फंक्शनकडे तीन तऱ्हांनी देता येतो. रकाना पानावर मांडणाऱ्या टॅगमध्ये 'ऑनचेंज' (रकाना बदलला) या घटनेपुढे तपास(धिस.व्हॅल्यू) असे लिहिले ('तपास' हे फंक्शनचे नाव, 'धिस' म्हणजे हा रकाना), तर फंक्शनला मिळतो तो फक्त आतला मजकूर. तो बरोबर की चूक हे फंक्शन सांगू शकते, पण मजकूर कोणत्या रकान्यातून आला याचा त्याला पत्ता नसतो. रकान्याला लाल कड देणे किंवा कर्सर परत तिथे नेणे त्याच्या हाती उरत नाही. तपास(धिस) असे लिहिले तर पूर्ण रकानाच हाती येतो : त्याचे नाव, त्यातला मजकूर, तो ज्या फॉर्ममध्ये आहे तो फॉर्मसुद्धा. तिसरी तऱ्हा अख्खा फॉर्म देण्याची. 'नग निदान एक तरी हवा, मग चादर असो की टॉवेल' अशी दोन रकान्यांना जोडणारी अट असेल तेव्हा तीच कामाची. बहुतेक वेळा दुसरी तऱ्हा पुरते. पहिली शिकवायला सोपी म्हणून वर्गात आधी येते आणि मग हाताला तीच सवय लागते, हे तितकेसे बरे नाही.

वरच्या उदाहरणात 'तपास' हे नाव देवनागरीत आहे ते नुसते वाचकाच्या सोयीसाठी नव्हे. जावास्क्रिप्टला फंक्शनची आणि चलांची (व्हेरिएबलची) देवनागरी नावे खरोखर चालतात. भाषेचे राखीव शब्द आणि ब्राउझरने ठरवलेली नावे मात्र प्रत्यक्ष कोडमध्ये रोमन लिपीतच लिहावी लागतात.

रकाना हातात आला म्हणून काम संपत नाही, कारण साध्या रकान्यातून बाहेर येतो तो नेहमी मजकूर, संख्या नव्हे. चादरी १२ आणि टॉवेल ६ भरले आणि दोन्ही रकान्यांची बेरीज केली, तर उत्तर १८ येत नाही, १२६ येते. अधिकचे चिन्ह मजकुराला मजकूर जोडते. गंमत अशी की वजाबाकी मात्र बरोबर येते, त्यामुळे चूक लवकर लक्षात येत नाही. तुलनेतही हाच घोळ. 'किमान नग ९, कमाल नग १२' असे दोन रकाने एकमेकांशी ताडून पाहिले, तर ९ मोठा ठरतो, कारण मजकुराची तुलना शब्दकोशातल्या क्रमासारखी पहिल्या चिन्हापासून होते. म्हणून आधी संख्येत रूपांतर करून घ्यावे लागते. त्यातही दोन फंक्शने दोन स्वभावांची : 'पार्सइंट'ला '१२ डझन' इंग्रजी अंकांत दिले तर ते १२ घेऊन पुढचे सोडून देते, 'नंबर' तेच साफ नाकारते. हेच 'नंबर' रिकाम्या रकान्याचे मात्र शून्य करते. त्यामुळे केवळ 'ही संख्या नाही ना?' एवढे विचारणाऱ्या तपासणीतून रिकामा रकाना बिनबोभाट पार होतो.

सोलापूरचा एसटीडी कोड ०२१७. हा आकडा जुन्या ब्राउझरांत 'पार्सइंट'ला दिला तर उत्तर १४३ येई. सुरुवातीला शून्य दिसले की पुढचे अंक आठच्या पायाचे धरण्याची तेव्हा रीत होती. २००९ साली आलेल्या भाषेच्या पाचव्या आवृत्तीने ती 'पार्सइंट'पुरती मोडीत काढली. आता उत्तर २१७ येते, म्हणजे सुरुवातीचे शून्य गेलेच. फोन नंबर आणि पिनकोड दिसतात संख्येसारखे, पण त्यांची बेरीज कोणी करत नाही. ते मजकूर म्हणूनच ठेवावेत आणि मजकूर म्हणूनच तपासावेत.

भारतातील पिनकोड पद्धत श्रीराम भिकाजी वेलणकर यांच्या पुढाकाराने १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाली. सहा अंक, पहिला शून्य नसलेला, एवढी अट रेग्युलर एक्स्प्रेशनने, म्हणजे मजकुराचा नमुना सांगणाऱ्या सूत्राने, सहज तपासता येते. त्यापुढे जाऊन '४१३ ने सुरू होतो तो सोलापूरचा' असे फंक्शनमध्ये घालणे मात्र अंगाशी येते. लातूर, धाराशिव आणि बारामतीचे पिनकोडही ४१३ नेच सुरू होतात.

मराठी वापरणाऱ्यांची खरी अडचण इथून पुढे आहे. जावास्क्रिप्टच्या रेग्युलर एक्स्प्रेशनमध्ये 'कोणताही अंक' यासाठी जे संक्षिप्त चिन्ह आहे, ते फक्त इंग्रजी शून्य ते नऊ ओळखते. मराठी कीबोर्डवरून कोणी ४१३००१ टाइप केले, तर फंक्शन 'पिनकोड चुकीचा' म्हणते आणि माणूस स्क्रीनकडे बघत बसतो, कारण त्याच्या डोळ्यांपुढे पिनकोड बरोबर असतो. उपाय अवघड नाही : प्रत्येक मराठी अंकाच्या युनिकोड क्रमांकातून (संगणकात प्रत्येक चिन्हाला दिलेल्या क्रमांकातून) २४०६ वजा केले की मूळ अंक मिळतो, आणि तपासणीआधी तेवढे करून घेता येते. नावाच्या रकान्याचेही तसेच. 'फक्त ए ते झेड' ही अट देवनागरी नावे सरसकट अडवते. ती सैल करायची म्हणून 'कोणत्याही लिपीतले अक्षर' ही २०१८ पासून मिळालेली सोय वापरली, तरी काना-मात्रा अडकतात. युनिकोडच्या लेखी त्या अक्षरे नाहीत, चिन्हे आहेत, आणि त्यांना वेगळी परवानगी द्यावी लागते. लांबीचेही गणित निराळे. 'सोलापूर' वाचताना चार अक्षरे, फंक्शनच्या हिशोबाने सात. मराठी, तेलुगू, कन्नड आणि उर्दू एकाच गल्लीत ऐकू येणाऱ्या या शहरात नावाच्या रकान्याला 'रिकामा नसावा' याहून कडक अट न लावणे शहाणपणाचे.

फंक्शनला रकाना देताना नावांची एक ठेच हमखास लागते. रकान्याचे नाव 'पिनकोड' आणि तपासणाऱ्या फंक्शनचेही नाव 'पिनकोड' ठेवले, तर टॅगमध्ये लिहिलेली हाक फंक्शनपर्यंत पोचतच नाही. टॅगमधला कोड नाव शोधताना आधी फॉर्मच्या आत पाहतो. तिथे रकाना सापडतो आणि 'हे फंक्शन नाही' अशी तक्रार येते. याच न्यायाने एखाद्या बटणाचे नाव 'सबमिट' ठेवले की फॉर्मची स्वतःची सबमिट ही क्रिया झाकली जाते. आणखी एक विसर 'रिटर्न'चा, म्हणजे फंक्शनचे उत्तर ब्राउझरकडे पोचवणाऱ्या शब्दाचा : 'ऑनसबमिट' (फॉर्म पाठवला) या घटनेपुढे तो शब्द लिहायचा राहिला, तर फंक्शनने 'चूक आहे' असे कितीही सांगितले तरी फॉर्म निघून जातो. एकाच नावाचे अनेक चेकबॉक्स असतील तर फॉर्म त्यांची यादी देतो, पण त्या नावाचा एकच उरला तर नुसता तोच देतो. चादरीचे पाच रंग असताना नीट चाललेली तपासणी एकाच रंगाचा माल शिल्लक राहिल्यावर बंद पडते ती यामुळे.

आज टॅगमध्ये थेट हाक न लिहिता फंक्शन घटनेला बाहेरून जोडण्याकडे कल आहे. तेव्हा रकाना 'इव्हेंट' या, घटनेची माहिती घेऊन येणाऱ्या वस्तूतून मिळतो. २०१४ साली शिफारस म्हणून प्रसिद्ध झालेल्या एचटीएमएल ५ ने (वेबपाने मांडण्याच्या भाषेच्या पाचव्या आवृत्तीने) 'रिक्वायर्ड' (भरणे सक्तीचे), 'पॅटर्न' (ठरलेला नमुना) यांसारखे गुणधर्म देऊन साध्या तपासण्या ब्राउझरकडेच सोपवल्या. स्वतःचा मराठी संदेश 'सेटकस्टमव्हॅलिडिटी'ने लावता येतो. रकाना दुरुस्त झाल्यावर तो संदेश रिकामा करायचा राहिला, तर मात्र फॉर्म कायमचा अडून बसतो.

आतल्या टेबलावरची, म्हणजे सर्व्हरवरची तपासणी यांपैकी कशानेही टळत नाही. जावास्क्रिप्ट बंद करता येते, फॉर्मला वळसा घालून मागणी थेट सर्व्हरकडे धाडता येते. चादरीचा दर फॉर्ममध्ये लपवलेल्या रकान्यात ठेवला असेल, तर ब्राउझरमधली डेव्हलपर साधने उघडून तो कोणालाही बदलता येतो. म्हणून सर्व्हरने फॉर्ममधून फक्त नग घ्यावेत आणि दर स्वतःच्या यादीतून लावावा.