व्हँपायर बिचारा, राक्षस भला

रक्त पिणारा पण मनानं हळवा व्हँपायर आणि दिसायला भयंकर पण माणसांना जीव लावणारा राक्षस. दोघांनाही आपण 'चांगली भुतं' म्हणून एकाच गाठोड्यात बांधतो. पण त्यांच्या गोष्टींमध्ये भीती वेगवेगळ्या ठिकाणी असते.

व्हँपायरची भीती खरी असते. त्याला भूक आहे आणि त्याचं अन्न म्हणजे आपण. १८९७ च्या 'ड्रॅक्युला' कादंबरीत हकिगत कळते ती इतरांच्या रोजनिशा आणि पत्रांतून. त्यातल्या व्हँपायरच्या, काउंट ड्रॅक्युलाच्या मनात डोकवायला कुठंच वाट नाही. त्याच्या पन्नासेक वर्षं आधी लंडनमध्ये हप्त्याहप्त्यानं निघालेल्या एका स्वस्त कादंबरीतला व्हँपायर व्हार्नी मात्र स्वतःच्या जिण्याला विटतो आणि शेवटी व्हेसुव्हियस ज्वालामुखीत उडी घेतो. १९७६ मध्ये अमेरिकन लेखिका अ‍ॅन राइसनं आपल्या कादंबरीत व्हँपायरलाच बोलतं केलं. तिचा लुई माणसांचा जीव घ्यायला नको म्हणून बराच काळ उंदरांच्या, जनावरांच्या रक्तावर काढतो. त्याची कणव येते, कारण भूक गेलेली नाही आणि तो तिच्याशी रोज झगडतो आहे. ती भूकच काढून घेतली तर त्याच्या गोष्टीत काही उरत नाही.

मित्र-राक्षसाची भीती बघणाऱ्याच्या डोळ्यांत असते. मेरी शेलीच्या १८१८ च्या कादंबरीत फ्रँकेनस्टाइन नावाच्या शास्त्रज्ञानं घडवलेला जीव रानफळांवर जगतो, शेजारच्या गरीब कुटुंबासाठी गुपचूप सरपण आणून ठेवतो. त्या घरातला आंधळा म्हातारा त्याच्याशी मायेनं बोलतो. डोळस मुलगा घरात येताच त्याला काठीनं झोडपतो. पुढं तो खून करतो, त्याला माफी नाही. तरी मी त्याला लोकांनी हाकलून बिघडवलेला मित्रच म्हणेन.

गंमत म्हणजे ही दोन्ही घराणी एकाच उन्हाळ्यातली. १८१६ मध्ये जिनिव्हा सरोवराकाठी इंग्रज कवी बायरनच्या सोबतीनं जमलेल्या मंडळींनी भुताच्या गोष्टी लिहायचं ठरवलं. मेरीची कादंबरी तिथंच सुरू झाली, आणि बायरनचा डॉक्टर पोलिडोरी याची व्हँपायरकथाही त्याच मुक्कामातली. ती १८१९ मध्ये छापून आली.

वेषावर मात्र जाऊ नये. 'सेसमी स्ट्रीट' या मुलांच्या टीव्ही कार्यक्रमातल्या काउंट नावाच्या बाहुल्याला सुळे आहेत, अंगावर झगा आहे, पण त्याला हौस फक्त आकडे मोजायची. तो मित्र-राक्षसच.

मग आपला वेताळ कुठं बसवायचा? सोमदेवाच्या 'कथासरित्सागरा'त त्याला खांद्यावर वाहणारा राजा त्रिविक्रमसेन गोदाकाठच्या प्रतिष्ठानचा, म्हणजे आपल्या पैठणचा. स्मशान, झाडाला लटकलेलं प्रेत, प्रेतात शिरलेला वेताळ: देखावा व्हँपायरला शोभेलसा. पण या वेताळाला राजाच्या रक्ताची तहान नाही. तो कोडी घालतो, राजा बोलला की निसटून झाडावर जातो, आणि शेवटच्या कोड्याला राजा निरुत्तर झाल्यावर त्याच्या धीरावर खूश होऊन खरी गोष्ट सांगतो: ज्या भिक्षूसाठी तू मला नेतोयस, तो तुझाच बळी देणार आहे. भगव्या कपड्यातला माणूस घातकी आणि प्रेतातला वेताळ सखा! मित्र-राक्षसाची याहून पक्की गोष्ट माझ्या वाचनात नाही. इथली मैत्री फुकट मिळत नाही, राजाला ती रात्रभर खांद्यावर वाहावी लागते.

बीड-परभणीकडच्या पोरांनी आता पिंपळावरच्या मुंजावर कथा लिहायला घेतली, तर आधी त्याला काय हवंय ते ठरवावं. लग्नाविना मेलेल्या त्या पोराची अपुरी इच्छा त्याला जित्या माणसाच्या अंगात शिरायला ओढत असेल आणि तो स्वतःला आवरत असेल, तर कथा व्हँपायरच्या वाटेनं जाईल. मग ती ओढ शेवटच्या पानापर्यंत जिवंत ठेवावी. आणि तो नुसता फांदीवर बसून राहत असेल, लोकच पिंपळ टाळून लांबून जात असतील, तर कॅमेरा मुंजावरून काढून त्या लोकांवर धरावा.