मामा पुरस्कारांची पार्श्वभूमी : नावातून गळालेला व्हिडिओ

दरवर्षी नोव्हेंबरच्या अखेरीस किंवा डिसेंबरच्या आरंभी कोरियन पॉप संगीताचे चाहते ज्या सोहळ्याची वाट पाहतात, त्याचे आजचे अधिकृत नाव ‘मामा अवॉर्ड्‌स’ असे आहे. मराठी कानांना या नावाने आजोळ आठवते. कोरियन कानांनाही ते अगदीच परके नाही, कारण जोसन राजवटीत राजघराण्यातील व्यक्तींच्या उल्लेखाला ‘मामा’ हे आदरार्थी पद जोडले जात असे. प्रत्यक्षात ही ‘एमनेट एशियन म्युझिक अवॉर्ड्‌स’ या जुन्या नावाची आद्याक्षरे आहेत आणि त्यांतले शेवटचे अक्षर ‘अवॉर्ड्‌स’चेच असल्यामुळे ‘मामा अवॉर्ड्‌स’ हा प्रयोग ‘पिवळा पीतांबर’ किंवा ‘गाईचे गोमूत्र’ या जातीचा झाला आहे. १९९९ पासून या सोहळ्याचे नाव चार वेळा बदलले. प्रत्येक बदलामागे कोरियन संगीत व्यवसायात घडलेले काहीतरी होते, म्हणून या पुरस्कारांचा इतिहास नावांच्या मागोमाग गेल्यास सर्वांत चांगला समजतो.

दक्षिण कोरियात केबल दूरचित्रवाणीचे नियमित प्रक्षेपण १ मार्च १९९५ रोजी सुरू झाले आणि त्याच दिवशी एमनेट ही संगीत वाहिनीही सुरू झाली. तोपर्यंत लोकप्रिय गाणी घराघरांत पोहोचवण्याचे काम केबीएस, एमबीसी आणि एसबीएस या प्रस्थापित वाहिन्यांच्या साप्ताहिक कार्यक्रमांकडे होते. वर्षअखेरीस या वाहिन्या आपापले पुरस्कारही देत असत. शिवाय ध्वनिमुद्रिकांच्या विक्रीला महत्त्व देणारे ‘गोल्डन डिस्क’ पुरस्कार १९८६ पासून चालू होते. नव्या केबल वाहिनीकडे ना तेवढा प्रेक्षक होता, ना तेवढा दबदबा. मात्र तिला दिवसाचे चोवीस तास भरून काढायचे होते आणि त्यासाठी लागणारा कच्चा माल म्हणजे म्युझिक व्हिडिओ. १९९७ मध्ये एमनेट सीजे समूहाच्या ताब्यात आली. हा समूह मूळचा सॅमसंगच्या कुटुंबातला. १९५३ मध्ये साखर कारखान्यापासून सुरुवात केलेला हा उद्योग नव्वदीच्या दशकात सॅमसंगपासून वेगळा होऊन करमणुकीच्या धंद्यात शिरत होता आणि १९९५ मध्ये त्याने अमेरिकेतील ड्रीमवर्क्स या चित्रपट कंपनीतही पैसे गुंतवले होते. साखरेच्या धंद्यातून सिनेमा आणि संगीतात आलेला पैसा आपल्याला, विशेषतः पश्चिम महाराष्ट्राला, फार नवलाचा वाटू नये.

त्या काळातील कोरियन व्हिडिओंमध्ये दोन ठळक धारा दिसतात. १९९२ मध्ये सो थेजी अँड बॉईज या त्रयीने रॅप आणि नृत्य यांची सांगड घातल्यानंतर गाणे हे ऐकण्याइतकेच पाहण्याचे झाले. १९९५ मध्ये स्थापन झालेल्या एसएम एंटरटेनमेंटने पुढच्याच वर्षी एच.ओ.टी. हा पाच मुलांचा गट उभा केला, आणि ठरावीक पेहराव, आखीव नृत्य व त्यांना साजेसा व्हिडिओ हे सूत्र रूढ झाले. दुसरी धारा संथ प्रेमगीतांची होती आणि माझ्या मते व्हिडिओच्या दृष्टीने तीच अधिक विलक्षण होती. १९९८ मध्ये जो सुंग-मो या अनोळखी गायकाचे ‘टू हेवन’ हे गाणे आले, तेव्हा त्याच्या व्हिडिओत गायक दिसतच नव्हता. पडद्यावर ली ब्युंग-हुन आणि किम हा-नूल हे कलाकार एक शोकांत प्रेमकथा साकारत होते, आणि त्यामागे कोणाचा आवाज आहे याचे कुतूहल हीच जाहिरात ठरली होती. गाणे हे जणू लघुपटाचे पार्श्वसंगीत बनले. अशा व्हिडिओंवर होणारा खर्च, त्यांतील नटनट्या आणि दिग्दर्शक यांची चर्चा गाण्याइतकीच होऊ लागली.

या पार्श्वभूमीवर २७ नोव्हेंबर १९९९ रोजी सोलमधील लिटल एंजल्स आर्ट्‌स सेंटर या सभागृहात पहिला सोहळा झाला. कोरियन भाषेतील त्याचे नाव ‘एमनेट योंगसांग उमाक देसांग’ असे होते. ‘योंगसांग’ म्हणजे पडद्यावरील दृश्य, ‘उमाक’ म्हणजे संगीत आणि ‘देसांग’ म्हणजे महापुरस्कार. हा शेवटचा शब्द आज जगभरच्या चाहत्यांच्या तोंडी जसाच्या तसा आहे. दृश्य हा शब्द नावात सर्वांत आधी यावा हे वाहिनीच्या सोयीचे होते. विक्री, लोकप्रियता आणि गायकी यांवर इतरांचे पुरस्कार हक्क सांगून बसले होते. व्हिडिओ तेवढा मोकळा होता.

महापुरस्कार दोन ठेवण्यात आले, एक सर्वाधिक लोकप्रिय व्हिडिओसाठी आणि दुसरा वर्षातील सर्वोत्तम व्हिडिओसाठी. चाहत्यांचा कौल आणि जाणकारांची पसंती एकाच माणसाच्या पदरात पडत नाही, याची ही प्रांजळ कबुलीच म्हणायची. दुसरा पुरस्कार ली सूंग-ह्वान या मुरलेल्या गायकाच्या ‘तांगबु’ म्हणजे ‘विनवणी’ या गाण्याला गेला. पहिला मिळाला एच.ओ.टी.च्या ‘आय या’ला, आणि त्या गाण्याबद्दल थोडे थांबून सांगायला हवे. ३० जून १९९९ च्या पहाटे सोलजवळच्या ह्वासंग येथील सीलँड या युवा प्रशिक्षण केंद्राला आग लागून २३ जणांचा मृत्यू झाला होता, त्यांत बालवाडीची १९ मुले होती. मोठ्यांच्या हलगर्जीपणामुळे मुलांचे जीव गेले, हा संताप त्या वर्षी देशभर होता. मोत्सार्टच्या २५ व्या सिंफनीतील अस्वस्थ स्वरावली घेऊन रचलेले ‘आय या’ हे त्याच घटनेवरचे गाणे होते. किशोरवयीन मुलींच्या किंकाळ्यांत न्हाऊन निघणाऱ्या गटाने जळून मेलेल्या मुलांवर गावे आणि त्याच गाण्याला ‘लोकप्रिय व्हिडिओ’ म्हणून महापुरस्कार मिळावा, यातून त्या काळच्या ‘आयडॉल’ म्हणजे कंपन्यांनी घडवलेल्या तरुण गटांच्या संगीताबद्दलचे बरेच गैरसमज दूर व्हायला हरकत नाही.

पुढच्याच वर्षी सोहळ्याचे नाव ‘एमनेट म्युझिक व्हिडिओ फेस्टिव्हल’ असे इंग्रजी वळणाचे झाले. २००० चा सर्वोत्तम व्हिडिओ जो सुंग-मोच्या ‘आशिनायो’ला मिळाला. व्हिएतनाममध्ये चित्रित झालेल्या या व्हिडिओत युद्धात उतरलेला कोरियन सैनिक आणि शिन मिन-आ हिने रंगवलेली स्थानिक तरुणी यांची कथा होती. कोरियन सैन्याच्या व्हिएतनाममधील सहभागाची आठवण कोरियात अवघड मानली जात असताना एका प्रेमगीताने ती दिवाणखान्यात आणली. व्हिडिओ-पुरस्काराचा सर्वांत भरीव काळ मी हाच मानतो.

त्यानंतरचा बदल व्यापारी होता. एमनेटची प्रतिस्पर्धी संगीत वाहिनी केएमटीव्ही सीजेच्याच छत्राखाली आली, तिचे नाव केएम झाले आणि २००४ पासून सोहळा ‘एमनेट केएम म्युझिक व्हिडिओ फेस्टिव्हल’ म्हणून भरू लागला. नावात दोन वाहिन्या मावल्या, पण व्हिडिओचे स्थान डळमळू लागले होते. २००६ मध्ये महापुरस्कारांची रचनाच बदलली. वर्षातील सर्वोत्तम कलाकार, सर्वोत्तम अल्बम आणि सर्वोत्तम गाणे असे तीन महापुरस्कार ठरले आणि व्हिडिओ इतर अनेक विभागांपैकी एक होऊन बसला. याच सुमारास केबीएस आणि एमबीसी यांनी आपले वर्षअखेरचे गायन-पुरस्कार थांबवून त्यांना नुसत्या मैफलीचे रूप दिले. निवडीवरून होणारे वाद आणि कलाकारांच्या कंपन्यांची नाराजी त्यांना झेपेनाशी झाली होती. मोठ्यांनी सोडलेली ती जागा केबल वाहिनीने व्यापली आणि तिच्याबरोबर येणारे वादही पदरात घेतले.

२००९ मध्ये ‘व्हिडिओ’ हा शब्द नावातून पूर्णपणे गेला आणि त्याच्या जागी ‘एशियन’ आला. एमटीव्हीचे आशियाई पुरस्कार २००८ मध्ये शेवटचे झाले होते, त्यामुळे आशियाचे नाव घेऊन उभे राहायला मैदान रिकामे होते. पण पहिल्याच ‘मामा’ला देशातील सर्वांत बलाढ्य कंपनी गैरहजर राहिली. निवडीचे निकष आणि सशुल्क मतदान यांवर आक्षेप घेत एसएमने आपले कलाकार पाठवले नाहीत. त्या वर्षी तिच्या गर्ल्स जनरेशन या गटाचे ‘जी’ हे गाणे केबीएसच्या साप्ताहिक यादीत सलग नऊ आठवडे पहिले होते, त्यामुळे त्या गटावाचून झालेला वार्षिक सोहळा म्हणजे नवरीशिवाय लागलेले लग्नच होते. पुढे समेट झाला, परंतु वाहिनी स्वतःच स्पर्धा चालवते, स्वतःच निवाडा देते आणि स्वतःच तो कार्यक्रम विकते, हा मूळ आक्षेप आजही अधूनमधून डोके वर काढतो.

नावात आशिया आल्यावर सोहळा सोलमध्ये ठेवून भागणार नव्हते. २०१० मध्ये तो मकावला, २०११ मध्ये सिंगापूरला आणि २०१२ पासून हाँगकाँगला गेला. २०१२ च्या सोहळ्यात साय या कोरियन गायकाच्या ‘गंगनम स्टाइल’ला वर्षातील सर्वोत्तम गाण्याचा मान मिळाला आणि त्यानंतर तीनच आठवड्यांनी, २१ डिसेंबरला, त्याचा व्हिडिओ यूट्यूबवर एक अब्ज वेळा पाहिला गेलेला पहिला व्हिडिओ ठरला. यातील विसंगती लक्षात घेण्याजोगी आहे. पुरस्काराच्या नावातून व्हिडिओ वगळल्यानंतर अवघ्या तीन वर्षांत कोरियन व्हिडिओने जग जिंकले होते. मात्र आता त्याला वाहिनीची गरज उरली नव्हती. कोणता व्हिडिओ कधी आणि किती वेळा दाखवायचा हा अधिकार एमनेटच्या हातून निसटला होता, आणि म्हणूनच, असे मला वाटते, तिने आपले सारे बळ रंगमंचावर लावले. इतरत्र पाहायला न मिळणारे सादरीकरण हाच तिचा नवा व्हिडिओ झाला. त्याच्या चित्रफिती नंतर पुन्हा यूट्यूबवरच फिरतात, ही गोष्ट वेगळी.

२०१७ मध्ये व्हिएतनाम, जपान आणि हाँगकाँग अशा तीन ठिकाणी आठवडाभर कार्यक्रम पसरला. २०१८ मध्ये जागतिक कीर्तीसाठी चौथा महापुरस्कार जोडला गेला आणि २०१९ मध्ये जपानमधील नागोयात बीटीएस या गटाने चारही पटकावले. ते वर्ष वाहिनीला मात्र जड गेले. जपान आणि कोरिया यांच्यातील व्यापारी तणावामुळे कोरियात जपानी मालावर बहिष्कार चालू असताना जपानची निवड केल्याबद्दल टीका झाली आणि सोहळ्याच्या महिनाभर आधी एमनेटच्याच ‘प्रोड्यूस’ या गायक-निवड कार्यक्रमातील प्रेक्षकांच्या मतांत फेरफार केल्याबद्दल निर्मात्यांना अटक झाली. मतदानावर उभ्या असलेल्या पुरस्कारासाठी याहून वाईट मुहूर्त नसावा. भारतातले चाहतेही ऑनलाइन मतदान करतात. तिकडचे घड्याळ साडेतीन तास पुढे असल्याने संध्याकाळी सहाला सुरू होणारा कार्यक्रम मुंबईत दुपारी अडीचला दिसतो, आणि आपले मत नेमके कसे मोजले जाते हा प्रश्न त्यांनाही तितकाच लागू होता.

साथीच्या काळात, २०२० मध्ये, सोहळा पाजू येथील स्टुडिओत प्रेक्षकांविना झाला. खांद्याच्या शस्त्रक्रियेमुळे अनुपस्थित असलेला बीटीएसचा शुगा त्रिमितीय प्रतिमेच्या रूपाने सहकाऱ्यांमध्ये अवतरला. पडद्यावरील दृश्यासाठी सुरू झालेल्या पुरस्कारात गायकाची जागाच दृश्याने घेतली होती. २०२२ मध्ये आद्याक्षरांचे नाव कायम ठेवून ‘मामा अवॉर्ड्‌स’ हे आजचे रूप आले, म्हणजे आता आशियाचीही मर्यादा नको झाली. त्याप्रमाणे ओसाका आणि टोकियोनंतर २०२४ मध्ये लॉस एंजेलिसच्या डॉल्बी थिएटरमध्येही एक दिवस साजरा झाला.

२०२५ मध्ये सोहळा पुन्हा हाँगकाँगला आला आणि २८ व २९ नोव्हेंबर या तारखा काई ताक स्टेडियमसाठी ठरल्या. २६ तारखेला शहराच्या ताई पो भागातील निवासी इमारतींना भीषण आग लागून मोठी जीवितहानी झाली. कार्यक्रम रद्द करावा की नाही यावर चर्चा झाली, लाल गालिच्यावरील मिरवणूक वगळण्यात आली आणि मृतांसाठी मौन पाळून रंगमंच उघडला. २६ वर्षांपूर्वी याच सोहळ्याचा पहिला महापुरस्कार आगीत गेलेल्या मुलांवरच्या गाण्याला मिळाला होता.