वीरगळ

वीरगळ : लढाईत, गावाच्या किंवा गुराढोरांच्या रक्षणात आणि क्वचित शिकारीत मरण आलेल्या माणसाच्या स्मरणार्थ उभारलेली कोरीव शिळा. महाराष्ट्रात वीरगळ मुख्यतः शिलाहार व यादव काळातले, म्हणजे ढोबळमानाने इ. स. ११ व्या ते १४ व्या शतकांतले मानले जातात. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर व पुणे या भागांत ते विशेष दाट आहेत. जुन्या शिवालयाचे आवार, गावची वेस, मारुतीचा पार आणि शेताचा बांध या त्यांच्या नेहमीच्या जागा. शिळेचे शिल्प आजवर पुष्कळ वर्णिले गेले आहे. पण दगड उभारणे हा या प्रथेचा अर्धाच भाग होता. मेलेल्याच्या घराला जमीन किंवा वेतन लावून देणे हा तिचा उरलेला अर्धा भाग होता. म्हणून या नोंदीत दोन्हींचा विचार एकत्र केला आहे.

व्युत्पत्ती व नावे : ‘वीरगळ’ हा शब्द कन्नड ‘वीरगल्लु’ यावरून आला आहे. ‘कल्लु’ म्हणजे दगड. समासात उत्तरपदाच्या आरंभीच्या ‘क’चा ‘ग’ होणे ही कन्नडची नेहमीची रीत आहे. मराठीत येताना ‘ल’चा ‘ळ’ झाला. मासे धरायच्या गळाशी किंवा गळ्याशी या शब्दाचा काही संबंध नाही. तमिळमध्ये अशा दगडाला ‘नडुकल’ (रोवलेला दगड), गुजरातीत ‘पाळिया’ आणि राजस्थानात ‘देवळी’ म्हणतात. ठाणे जिल्ह्याच्या जुन्या गॅझेटिअरात बोरिवलीजवळच्या शिळांना पाळिया हेच नाव दिलेले आढळते. गावकरी मात्र यांतले कोणतेच नाव सहसा वापरत नाहीत. त्यांच्या लेखी तो ‘वीर’ असतो, किंवा शेंदूर लागून भैरोबा, वेताळ वा म्हसोबा झालेला असतो.

उगम : प्रथेच्या उगमाविषयी दोन प्रमुख मते आहेत. पहिल्या मतानुसार वीरगळाचे मूळ दक्षिणेतल्या महापाषाणीय (मोठ्या शिळा वापरून केलेल्या प्राचीन) दफनांत, विशेषतः मृताच्या जागी उभ्या केलेल्या अनगड शिळांत आहे. संघम् साहित्यात, म्हणजे प्राचीन तमिळ काव्यात, गाई पळवून नेणे (वेट्चि) आणि त्या सोडवून आणणे (करन्दै) हे युद्धकाव्याचे स्वतंत्र विषय आहेत, आणि अशा झटापटीत पडलेल्यांच्या नडुकलांची वर्णनेही आहेत. ‘तोल्काप्पियम्’ या प्राचीन व्याकरणग्रंथात दगड उभारण्याचे सहा टप्पे दिले आहेत : योग्य दगड पाहणे, तो ठरवून घेणे, त्याला पाण्याने न्हाऊ घालणे, रोवणे, मोठा नैवेद्य दाखवणे व शेवटी स्तुती गाणे. २००६ मध्ये तमिळनाडूच्या तेनी जिल्ह्यात पुलिमान्कोम्बै येथे तमिळ-ब्राह्मी लेख असलेले नडुकल सापडले. त्यांपैकी एकावर गाईंच्या लुटीत मेलेल्या माणसाचा उल्लेख आहे. शोधकर्त्यांनी ते इ. स. पू. ४ थ्या-३ ऱ्या शतकांइतके मागे नेले आहेत. हा काळ अक्षरवळणावरून ठरवलेला असल्याने तो सर्वमान्य झालेला नाही.

दुसरे मत पश्चिम भारतातल्या ‘यष्टी’ किंवा ‘लष्टी’ या उभ्या दगडी स्मारकांकडे बोट दाखवते. कच्छमधल्या अंधाऊ येथील क्षत्रपकालीन लष्टी शके ५२ च्या, म्हणजे इ. स. १३० च्या सुमाराच्या आहेत. त्या वर्षाची नोंद त्यांच्यावरच असल्यामुळे त्यांच्या काळाविषयी वाद राहत नाही. मात्र त्या बहीण, भाऊ, पत्नी अशा आप्तांसाठी उभारलेल्या आहेत. युद्धाशी त्यांचा संबंध दिसत नाही. आंध्रातल्या नागार्जुनकोंड्याचे इक्ष्वाकुकालीन ‘छायास्तंभ’ (मृताच्या स्मरणार्थ उभारलेले कोरीव खांब) या दोन्हींच्या मधले म्हणता येतील, कारण त्यांपैकी काही सैनिकांचे व सेनाधिकाऱ्यांचे आहेत.

एस. सेट्टर व गुंथर सोंथायमर यांच्या पुढाकाराने १९८२ मध्ये धारवाडहून स्मारकशिळांवरील अभ्यासलेखांचा जो संग्रह निघाला, त्यानंतर एकच उगम शोधण्याचा आग्रह मागे पडला. महाराष्ट्रापुरते बोलायचे तर वीरगळाचे नाव, त्याची कप्पेबंद मांडणी आणि शिवलोकाची कल्पना या तिन्ही गोष्टी चालुक्य-राष्ट्रकूटांच्या कन्नड प्रदेशाशी जुळतात. म्हणून निदान आजच्या रूपापुरता तरी दक्षिणेचा वारसा अधिक संभाव्य वाटतो. पंढरपूरच्या विठ्ठलमूर्तीचे मूळ एखाद्या वीरगळात असावे, असाही तर्क मांडला गेला आहे. रा. चिं. ढेरे यांनी गोपजनांच्या दैवतातून विठ्ठलाचा विकास दाखवला आहे, आणि त्यांची मांडणी अधिक पुराव्यांना सामावून घेते.

शिळेची रचना : वीरगळ खालून वर वाचायचा असतो. सर्वसाधारण शिळेवर तीन किंवा चार कप्पे असतात. सगळ्यांत खालच्या कप्प्यात वीर आडवा पडलेला असतो. उशाशी ढाल, कधी हातातून न सुटलेली तलवार. गोरक्षणाचा वीरगळ असेल तर त्याच कप्प्यात किंवा लगतच्या वर गाई एकामागून एक कोरलेल्या असतात, बहुधा मान पुढे काढून चाललेल्या. त्यावरच्या कप्प्यात लढाई. वीर एकटा असतो आणि समोरचे तिघे-चौघे असतात. वीराची आकृती इतरांपेक्षा मोठी काढण्याचा संकेत आहे. तिसऱ्या कप्प्यात दोन अप्सरा त्याला दोन्ही बाजूंनी धरून वर नेतात. काही शिळांवर तो पालखीत किंवा विमानात बसलेला असतो. सर्वांत वर तो शिवलिंगापुढे हात जोडून बसलेला असतो. शेजारी पुजारी व नंदी, माथ्यावर कलश आणि त्याच्या दोन बाजूंना चंद्र-सूर्य. हे चंद्र-सूर्य दानपत्रांच्या शेवटच्या ‘आचंद्रार्क’ या शब्दाचेच चित्ररूप आहेत. ते आकाशात असतील तोवर ही कीर्ती, आणि कन्नड लेखांवरून पाहता तिच्याबरोबर दिलेली जमीनही, टिकावी अशी इच्छा त्यांतून व्यक्त होते. चारही बाजूंनी कोरलेले वीरगळही मिळतात.

शेजारच्या शिळेवर कोपरात वाकलेला, बांगड्या भरलेला एकच हात असेल तर ती सतीशिळा. वीर आणि सती एकाच दगडावर कोरलेलेही पुष्कळ ठिकाणी आढळतात.

एक्सर येथील वीरगळ व त्यांचा काळ : मुंबईत बोरिवलीजवळ एक्सर येथे सहा वीरगळांची रांग आहे. त्यांतल्या काहींवर समुद्रयुद्ध कोरलेले असल्याने महाराष्ट्रातल्या वीरगळांमध्ये त्यांना वेगळेच स्थान आहे. उंच टोकाची गलबते, त्यांच्या कुशीतून बाहेर आलेल्या वल्ह्यांच्या रांगा, वर उभे राहिलेले योद्धे, आणि आणखी वर स्वर्गलोक, असा तो पट आहे. हत्तीदळ असलेली जमिनीवरची लढाईही यांतल्या शिळांवर दिसते.

त्यांचा काळ वादग्रस्त आहे, कारण घटना सांगणारा, वाचता येईल असा लेख त्यांवर नाही. पुरातत्त्वज्ञ हेन्री कझिन्स यांनी या शिळांचा संबंध यादव राजा महादेव आणि उत्तर कोकणचा शेवटचा शिलाहार राजा सोमेश्वर यांच्या संघर्षाशी, म्हणजे इ. स. १२६५ च्या सुमाराशी जोडला. या तर्काला आधार हेमाद्रीचा. महादेवाचा हा श्रीकरणाधिप (राजदप्तराचा प्रमुख) आपल्या ग्रंथातल्या राजप्रशस्तीत सोमेश्वर समुद्रात बुडाल्याचे सांगतो; महादेवाच्या क्रोधाग्नीपेक्षा त्याला समुद्रातला वडवानल परवडला, असा त्या श्लोकाचा भाव आहे. दुसरा पक्ष शिल्पशैलीवरून या शिळा ११ व्या शतकापर्यंत मागे नेतो. हेमाद्रीचा श्लोक प्रशस्तीतला असला तरी समुद्र, गलबते आणि हत्ती असलेले सैन्य हे तिन्ही घटक एकाच प्रसंगात बसवणारा दुसरा तितका स्पष्ट आधार पुढे आलेला नाही. म्हणून १३ व्या शतकाचे मत तूर्त स्वीकारायला हरकत नाही. तरीही सहाही शिळा एकाच लढाईच्या आहेत असे गृहीत धरणे धोक्याचे आहे. स्थानिक लोक या शिळांची आजही पूजा करतात.

वारसांची सोय : वीरगळाबरोबर जमीन देण्याची रीत कन्नड लेखांतून चांगली कळते. ‘कल्नाडु’ हे दगडाशी निगडित दान. ‘नेत्तरु कोडगे’ म्हणजे शब्दशः रक्ताची देणगी. ‘बाळ्गळ्चु’चा शब्दार्थ तलवार धुणे. तमिळमध्ये याच जातीचा ‘उदिरप्पट्टि’ हा शब्द आहे, आणि त्यातही रक्तच आहे. बेंगळुरूजवळच्या बेगूर येथील ९ व्या शतकाच्या अखेरच्या लेखात नागत्तर हा सरदार वीरमहेंद्राशी लढताना पडला, आणि गंग राजा एरेयप्पाने त्याचा मान इरुग याला देऊन बेंपूर व त्याभोवतीची गावे कल्नाडु म्हणून लावून दिली, असे म्हटले आहे. मेलेल्याची जागा घेणाऱ्याला तिथेच, त्याच दगडावर हक्क लिहून मिळाला.

मंड्य जिल्ह्यातल्या आतकूरचा लेख याहून बोलका आहे. तो राष्ट्रकूट राजा तिसरा कृष्ण याच्या काळातला, तक्कोलमच्या लढाईनंतरचा, इ. स. ९४९-५० चा आहे. लढाईत पराक्रम केलेल्या मणलेर याला ‘काय हवे ते माग’ असे विचारले गेले, तेव्हा त्याने राजाची काळी नावाची कुत्री मागितली. पुढे रानडुकराशी झुंजताना काळी आणि डुक्कर दोघेही मेले. तिच्यासाठी दगड उभा राहिला, दगडाला जमीन लागली, आणि पूजेसाठी गोरव (शैव पुजारी) नेमला गेला. त्या जमिनीचे उत्पन्न खाणाऱ्या गोरवाने दगडाची पूजा केल्याशिवाय जेवू नये, जेवल्यास त्या कुत्रीचे पाप त्याला लागेल, अशी तंबी लेखात आहे. दगडाचे स्मरण आणि माणसाचे जेवण इतक्या उघडपणे एकमेकांना बांधलेले दुसरीकडे क्वचितच दिसेल.

मराठी मुलखातले वीरगळ बहुतेक लेखहीन असल्याने असा तपशील इथे मिळत नाही.

ही बाजू पुन्हा स्पष्ट दिसते ती शिवकाळात. कृष्णाजी अनंत सभासदाने राजारामाच्या कारकिर्दीत, बहुधा १६९० च्या दशकात लिहिलेल्या बखरीत अफजलखानाच्या प्रसंगानंतरची (१६५९) व्यवस्था सांगितली आहे. लढाईत पडलेल्यांच्या मुलांना चालवावे. मुलगा नसेल तर बायकोला निम्मे वेतन द्यावे. जखमी झालेल्याला जखम पाहून पंचवीस, पन्नास, शंभर ते दोनशे होन द्यावेत. बखर घटनेनंतर तीन-चार दशकांनी लिहिलेली असल्याने आकडे जसेच्या तसे धरू नयेत. पण ‘जखम पाहून’ हा बारकावा लष्करी कारभार जवळून पाहिलेल्या माणसाचा आहे, आणि तो विश्वासार्ह वाटतो. पेशवाईच्या कागदांत याच सोयीला ‘बालपरवेशी’ हा शब्द रूढ आहे : सरकारकामी आलेल्याच्या पोराबाळांच्या पोषणासाठी नेमून दिलेले वेतन किंवा उत्पन्न. शब्दाचा पूर्वार्ध मराठी आणि उत्तरार्ध फार्सी ‘परवरिश’च्या कुळातला. आज तो व्यवहारातून पार गेला आहे. जायला नको होता.

लोकाचार : वीर हा पुढे कुळाचा देवही झाला. अनेक घरांच्या देव्हाऱ्यात पूर्वज वीराचा चांदीचा टाक असतो. नाशिकला धुळवडीच्या दिवशी वीरांची मिरवणूक निघते, त्यांत बाशिंग बांधलेला दाजीबा वीर प्रसिद्ध आहे. घरचे टाक वाजतगाजत गोदावरीवर नेऊन न्हाऊ घालतात. तोल्काप्पियम्‌मधल्या दगड न्हाऊ घालण्याच्या टप्प्याशी याचे साम्य लक्षणीय आहे. थेट परंपरा मात्र सिद्ध करता येत नाही.

आधुनिक काळ : भीमा कोरेगावच्या १ जानेवारी १८१८ च्या लढाईनंतर ईस्ट इंडिया कंपनीने तिथे स्तंभ उभारला आणि त्यावर आपल्या शिपायांची नावे कोरली. ‘नाक’ हे उत्तरपद असलेली त्यांतली नावे महार शिपायांची आहेत. साध्या शिपायाचे नाव दगडावर येणे ही आपल्याकडे नवी गोष्ट होती. स्तंभाच्या देखभालीसाठी त्याच लढाईत जखमी झालेल्या जमादाराला नेमून जमीन दिल्याची नोंद आढळते, म्हणजे आतकूरचीच रीत वेगळ्या अमलाखाली चालू राहिली. १ जानेवारी १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर तिथे गेले, आणि स्तंभाच्या स्मरणाला नवा अर्थ मिळाला.

सातारा जिल्ह्यातल्या अपशिंगे गावचे ४६ जण पहिल्या महायुद्धात कामी आले. तिथे स्मारक झाले, आणि गावाच्या नावाला ‘मिलिटरी’ हा शब्द कायमचा जोडला गेला. त्याच युद्धात बुडालेल्या दोन हजारांहून अधिक हिंदी खलाशांची नावे मुंबईत मशीद बंदराजवळच्या सेलर्स होममध्ये आहेत. एक्सरच्या गलबतांवरील माणसांची नावे मात्र कोणी लिहिली नाहीत.

पोषणाची बाजू आता सरकारी कार्यालये आणि वर्गणी यांच्याकडे आहे. जखमी सैनिकांना हातचे काम शिकवणारी क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट १९१७ मध्ये मुंबईत निघाली आणि पुढे खडकीला आली. कमरेखाली लुळ्या झालेल्या जवानांचे पुनर्वसन केंद्रही खडकीतच १९७४ पासून आहे. १९४९ पासून ७ डिसेंबरला ध्वजदिन निधी गोळा होतो. वीरपत्नी आणि वीरमाता यांची कागदपत्रे जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात पाहिली जातात.