लहान आतड्याच्या टोकावरचा पेच : क्रोन की टीबी?

माझी मावसबहीण रोज डोंबिवलीहून सीएसएमटीला जाते. फास्ट गाडी समोर उभी असली तरी ती सोडते आणि स्लो पकडते. फास्ट गाडी मधली बरीच स्टेशनं गाळते. स्लो प्रत्येक ठिकाणी थांबते, कळ आली तर उतरता येतं. लोकलमध्ये संडास नाही. कोणत्या फलाटावरचा संडास उघडा असतो, कुठे सुटे पैसे लागतात, कुठे कडी बसत नाही, हे तिला पाठ आहे. तिला क्रोनचा आजार आहे.

निदानाला दीड वर्ष लागलं. आधी खापर वडापाववर फुटलं, मग पाण्यावर, मग ‘टेन्शन फार घेतेस’वर. जुलाब थांबेनात, वजन उतरत गेलं, पोटात उजवीकडे खाली दुखायचं, संध्याकाळी अंगात कणकण असायची. कोलोनोस्कोपीत, म्हणजे मोठ्या आतड्यात दुर्बीण घालून केलेल्या तपासणीत, लहान आतडं मोठ्या आतड्याला मिळतं त्या सांध्यावर व्रण दिसले आणि डॉक्टरांनी आतड्याच्या टीबीची औषधं सुरू केली. घरचे आजही म्हणतात, डॉक्टर चुकले. मला तसं वाटत नाही.

न्यूयॉर्कच्या माउंट सायनाय रुग्णालयातल्या बरिल क्रोन, लिऑन गिन्झबर्ग आणि गॉर्डन ओपेनहायमर यांनी 1932 साली या आजारावर शोधनिबंध लिहिला. नावं वर्णानुक्रमाने लागली, म्हणून आजाराला क्रोन यांचं नाव मिळालं. यात आपलीच प्रतिकारशक्ती आतड्यावर उलटते. सूज तोंडापासून गुदद्वारापर्यंत कुठेही येऊ शकते, मधूनमधून निरोगी भाग सोडत. पण तिचं आवडतं ठिकाण लहान आतड्याचं शेवटचं टोक. ती आतड्याच्या सगळ्या थरांतून आरपार जाते, म्हणून आतडं अरुंद होतं किंवा त्याला भगंदरासारख्या वाटा फुटतात. बी-12 जीवनसत्त्व याच टोकाशी शोषलं जातं, त्यामुळे बहिणीला त्याची इंजेक्शनं घ्यावी लागतात.

पेच असा की आतड्याच्या टीबीलाही नेमकी हीच जागा आवडते. दोन्हींत पेशींच्या बारीक गाठी होतात. टीबीच्या गाठीचा गाभा पनीरासारखा भुसभुशीत होतो, पण बायोप्सीत, म्हणजे तपासणीसाठी चिमट्याने काढलेल्या तुकड्यात, तीच गाठ सापडेल याची खात्री नसते. आतड्यात जंतूही थोडेच असतात, त्यामुळे तपासणी अनेकदा निगेटिव्ह येते. अशा वेळी चुकायचंच असेल तर कोणत्या बाजूला? टीबीला क्रोन समजून प्रतिकारशक्ती दाबणारं स्टेरॉइड दिलं, तर टीबी अंगभर पसरू शकतो. क्रोनला टीबी समजलं तर महिने वाया जातात. मुंबईसारख्या टीबीच्या शहरात म्हणूनच टीबीची औषधं आधी येतात.

मात्र ते महिने फुकटचे नसतात; तेवढ्यात आतडं आणखी आकसू शकतं. म्हणून दोन-तीन महिन्यांनी पुन्हा दुर्बीण घालून व्रण भरले का, हे बघायलाच हवं. नुसतं ‘बरं वाटतंय का?’ विचारून भागत नाही, कारण टीबीच्या औषधांवर क्रोनच्या रुग्णालाही काही दिवस बरं वाटू शकतं. बहिणीची ती तपासणी सहा महिने झालीच नाही, आणि माझी खरी तक्रार एवढीच आहे. घरात कुणाची अशी औषधं चालू असतील तर दुसऱ्या कोलोनोस्कोपीची तारीख आजच विचारून घ्या.

क्रोन मुळापासून जात नाही, पण शांत ठेवता येतो. सिगारेटने तो चिघळतो. आतडं अरुंद झालं असेल तर पेरूच्या बिया आणि कच्ची कोशिंबीर अडकू शकते. दुखणं उसळलं की बहिणीच्या डब्यात मऊ भात आणि मुगाचं वरण असतं. सध्या तिला दर आठ आठवड्यांनी सलाइनमधून इन्फ्लिक्सिमॅब मिळतं. ते टीएनएफ नावाच्या रेणूला अडवतं. हा रेणू क्रोनमध्ये सूज पेटती ठेवतो, आणि झोपलेल्या टीबीच्या जंतूंभोवती भिंतही तोच राखतो. म्हणून पहिल्या डोसआधी तिच्या छातीचा एक्स-रे काढला, दंडावरून रक्त घेतलं आणि टीबी पुन्हा एकदा शोधला.

तिसऱ्या डोसनंतर तिचा फोन आला. गाडीत बसली होती, मागे उद्घोषणा चालू होती. म्हणाली, ‘‘फास्ट पकडलीय. ठाणं गेलं.’’